दोन राग, एक दिवस

३० जानेवारी १९४८ हा दिवस आपल्या संगीतालाही विसरता यावयाचा नाही. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, त्याच दिवशी क्षयाने ग्रासलेले २३ वर्षांचे कुमार गंधर्व पत्नी भानुमतीबाईंसह हवापालटासाठी माळव्यात देवासला पोहोचले. गाणे बंद झाले होते. आजाऱ्याची शुश्रूषा करावयाची आणि शाळेत शिकवून घरही चालवावयाचे, असा बाईंचा दिनक्रम पुढे कित्येक वर्षे चालला.

इकडे मुंबईत आकाशवाणीने रविशंकरांना शोकप्रसंगी वाजविण्यास सांगितले. त्यांनी ‘गांधी’ या नावातूनच ग, नी, ध हे स्वर उचलले आणि मालकंसाच्या अंगाने ‘मोहनकंस’ उभा केला.

कुमारजी बरे झाले, पुन्हा गाऊ लागले. १९६१ साली मात्र भानुमतीबाई गेल्या. पुढे गांधी-जन्मशताब्दीच्या निमित्ताने कुमारजींनी ‘गांधी मल्हार’ बांधला. स्मरणाला मल्हार कशासाठी? मालकंस रात्रीचा, मल्हार पावसाचा. तापलेल्या भूमीला जीवन देणारा. पहिल्या रागात गेलेल्याचा शोक आहे, दुसऱ्यात त्याने दिलेल्याची कृतज्ञता. मरणाच्या दारातून परतलेल्या, आणि ज्या हातांनी परत आणले तेच गमावलेल्या गवयाला हा फरक कोणी शिकवावयास नको होता.