माळाचं पाखरू

आजी लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या कळंब्यात आली ती सोलापूरजवळच्या नान्नजहून. सासरी तळं होतं, ऊस होता, कात्यायनीचा डोंगर होता; तरी तिच्या गोष्टी माहेरच्या माळाच्याच. गुडघाभर कुसळी गवत, चरणारी शेरडं आणि पावसाळ्यात घुमणारा माळढोक. "कमरेएवढं पाखरू बघ, अन् आवाज आडातनं आल्यावाणी, हुम्म!" नराच्या गळ्याची पांढरी पिशवी फुगून पार खाली लोंबायची. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालायची. ती बसलेली दिसली, की आजीचे वडील शेरडं दुसरीकडं वळवायला लावायचे.

आजोबा सांगायचे कोल्हापूर दरबारच्या चित्त्यांविषयी. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसले की सोडायचे. देशातले चित्ते मिळेनात, तेव्हा दरबारानं आफ्रिकेतून आणवले. चित्ता, काळवीट, माळढोक या सगळ्यांचं घर एकच: मोकळा, गवताळ माळ.

1972 साली सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजचे माळढोक जगापुढे आणले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, कागदावर 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. खरा माळ तुकड्यातुकड्यांत उरला. पुढं कालव्याचं पाणी आलं, ज्वारी-करडईच्या जागी ऊस उभा राहिला. गवताच्या राखीव पट्ट्यांतही झाडं लावली गेली. चहूकडं नजर पोचली तरच या पक्ष्याला निर्धास्त वाटतं. झाडी दाटली की तो जागा सोडतो. त्यात विजेच्या तारा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं समोरची तार उशिरा दिसते आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. आता देशभरात रानात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, तेही बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटाकडं.

शिकाऱ्याच्या बंदुकीवर बंदी घालता आली. माळ मात्र आपण चांगल्या हेतूनं, पाणी देऊन आणि झाडं लावून संपवला. म्हणून पावसाळ्यात रोपं घेऊन डोंगराकडं निघणाऱ्या आमच्या पोरांना मी सांगतो: झाडं जरूर लावा, ओढ्याकाठी लावा, रस्त्याकडेला लावा. गवताचा माळ दिसला तर तिथं खड्डा काढू नका. तिथं जमिनीवर अंडी घालणारी टिटवी आहे, तित्तर आहे. त्यांचं रान भरलेलंच आहे.