पूर्वज नसलेला ऑब्जेक्ट : जावास्क्रिप्टमधील एक आवश्यक खबरदारी

वेबपानांना हालचाल आणि प्रतिसाद देणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत महिरपी कंसांची जोडी लिहून तयार केलेला ऑब्जेक्ट वरकरणी रिकामा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्यामागे एक पूर्वज उभा असतो. या पूर्वजाला 'प्रोटोटाइप' म्हणतात. मागितलेले नाव ऑब्जेक्टमध्ये सापडले नाही, तर त्याचा शोध पूर्वजाकडे घेतला जातो. हा वारसा एरवी उपयुक्त असतो. मात्र ऑब्जेक्टचा वापर यादी म्हणून केल्यास तोच धोक्याचा ठरतो.

वस्ती आणि स्थानक

समजा, मुंबईतील वस्तीचे नाव टंकले असता जवळचे रेल्वे स्थानक सांगणारे पान तयार करायचे आहे. गिरगावसमोर चर्नी रोड, लालबागसमोर चिंचपोकळी, परळसमोर परळ आणि दादरसमोर दादर, अशा नोंदी रोमन लिपीत एका साध्या ऑब्जेक्टमध्ये ठेवल्या. यादीत नसलेल्या ठाकूरद्वारची विचारणा केली, तर 'नोंद नाही' असे योग्य उत्तर मिळते. परंतु कोणी लहान अक्षरांत 'कन्स्ट्रक्टर' हा इंग्रजी शब्द टंकला, तर यादीत नसतानाही उत्तर येते. ते उत्तर म्हणजे पूर्वजाकडून आलेले एक फंक्शन असते. 'टूस्ट्रिंग' आणि 'व्हॅल्यूऑफ' ही नावेही अशाच प्रकारे सापडतात.

नोंदी देवनागरीत असल्या, तरी वापरणारा रोमन लिपीत काय टंकेल याचा नेम नसतो. केवळ मराठी नावे टाकून चाचणी घेतल्यास हा दोष उघडकीस येत नाही. स्थानकाच्या यादीत त्याचा परिणाम किरकोळ आहे. मात्र प्रवेशाचा अधिकार असलेल्या सभासदांची यादी याच पद्धतीने तपासली जात असेल, तर सभासद नसलेल्यालाही आत प्रवेश मिळू शकतो.

उपाय कोणता?

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत या भाषेचे पहिले प्रारूप दहा दिवसांत रचले. प्रोटोटाइपची कल्पना त्यांनी 'सेल्फ' या भाषेवरून घेतली. डिसेंबर २००९ मधील 'एक्मास्क्रिप्ट ५' या प्रमाण आवृत्तीने 'ऑब्जेक्ट.क्रिएट' ही सोय दिली. तिच्या कंसात पूर्वजाच्या जागी 'नल', म्हणजे 'काहीही नाही', असे लिहिले की वारसा नसलेला ऑब्जेक्ट तयार होतो. स्थानकांची यादी अशा ऑब्जेक्टमध्ये ठेवल्यास 'कन्स्ट्रक्टर'लाही 'नोंद नाही' हेच उत्तर मिळते.

भाषेनेही ही पद्धत स्वीकारली आहे. २०२४ च्या आवृत्तीतील, नोंदींचे गट पाडणारी 'ऑब्जेक्ट.ग्रुपबाय' ही सोय पूर्वज नसलेलाच ऑब्जेक्ट परत करते.

सुरक्षेचा प्रश्न

'प्रोटोटाइप पोल्यूशन' या हल्ल्यात बाहेरून आलेल्या माहितीत 'प्रोटो' हे दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा असलेले नाव पेरले जाते. निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्राम ती माहिती थेट समाईक पूर्वजात लिहितो आणि तिचा परिणाम सर्व साध्या ऑब्जेक्टवर होतो. 'जेक्वेरी' आणि 'लोडॅश' या बहुप्रचलित संग्रहांना २०१९ मध्ये अशाच त्रुटींसाठी दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. पूर्वज नसलेल्या ऑब्जेक्टमध्ये हे नाव इतर नावांसारखेच साधे ठरते. मात्र त्याच्या आत ठेवलेले साधे ऑब्जेक्ट आपोआप सुरक्षित होत नाहीत.

मर्यादा आणि पर्याय

वारसा नाकारला की त्याचे फायदेही जातात. असा ऑब्जेक्ट मजकुराला जोडू गेल्यास प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. 'हॅजओनप्रॉपर्टी' हे नेहमीचे साधनही त्याच्यावर थेट चालत नाही. तेथे २०२२ च्या आवृत्तीतील 'ऑब्जेक्ट.हॅजओन' वापरावे. नोंदी सतत वाढत किंवा वगळल्या जात असतील, तर २०१५ पासून उपलब्ध असलेला 'मॅप' अधिक सोयीचा आहे.

थोडक्यात, ऑब्जेक्टमधील नावे प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः ठरवली असतील, तर साधा ऑब्जेक्ट पुरेसा आहे. ती नावे बाहेरची व्यक्ती टंकणार असेल, तर यादीला पूर्वज नसलेलाच बरा.