मनोऱ्याचा जिना

उंच जागी चढून खालचा मुलूख पाहावा, ही इच्छा मनुष्याच्या ठायी फार जुनी आहे. शेतातला राखणदार माळ्यावर चढतो, गडावरचा पहारेकरी बुरुजावर उभा राहतो, आणि परगावाहून आलेला प्रवासी त्या शहरातील सर्वांत उंच वास्तूचा जिना कोठे आहे याची चौकशी करतो. पहिले दोघे आपापल्या कामासाठी चढतात. प्रवासी चढतो तो केवळ पाहण्यासाठी. जगातील बहुतेक प्रसिद्ध मनोरे, घुमट आणि पूल ज्यांनी उभारले, त्यांच्या मनात हा तिसरा माणूस फारसा नव्हता. मिनार उभा राहिला तो अजानीसाठी आणि सत्तेची खूण म्हणून. विजापूरचा गोलघुमट उठला तो एका सुलतानाच्या कबरीवर. पूल बांधले गेले ते गाड्याघोड्यांसाठी. प्रवासी मागाहून आला आणि दुसऱ्याच कोणाच्या कामासाठी घडवलेल्या जिन्याने वर चढू लागला. त्याला वर कसे न्यावे आणि सुखरूप खाली कसे आणावे, हा प्रश्न त्यानंतर निर्माण झाला. निरनिराळ्या शहरांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा इतिहास हा एका परीने शहरांच्या जबाबदारीच्या जाणिवेचाच इतिहास आहे.

लंडनचे उत्तर सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. १६६६ साली त्या शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. त्या आगीची स्मृती म्हणून १६७१ ते १६७७ या काळात क्रिस्टोफर रेन आणि रॉबर्ट हूक यांनी एक दगडी स्तंभ उभारला. त्याची उंची सुमारे ६१ मीटर. आत गोल फिरत जाणाऱ्या ३११ पायऱ्या आणि वर एक सज्जा. हूक हा शास्त्रज्ञ. स्तंभाचा पोकळ गाभा दुर्बिणीसारखा वापरून आकाशाचा वेध घ्यावा, असा त्याचा हेतू होता. तो हेतू साधला नाही, परंतु सज्जा लोकांच्या आवडीचा झाला. १७८८ ते १८४२ या काळात मात्र सहा जणांनी तेथून उडी घेऊन जीव दिला. तेव्हा १८४२ मध्ये सज्जाभोवती लोखंडी जाळी बसवण्यात आली. उपाय साधा होता आणि त्या एका संकटापुरता पुरेसाही होता. पण या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. धोका आहे तो शिखरावर, उंचीत आणि कठड्यापाशी आहे, अशी ती समजूत. खालपासून वरपर्यंत जाणाऱ्या जिन्याचा विचार करण्याचे कारण कोणाला पडले नाही. ती समजूत किती अपुरी आहे, हे पुढे दिल्लीत फार मोठी किंमत देऊन कळले.

कुतुबमिनाराचे बांधकाम बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केले आणि पुढचे मजले त्याचा जावई इल्तुत्मिश याने चढवले. चौदाव्या शतकात विजेच्या आघाताने वरचा भाग ढासळला, तेव्हा फिरोजशाह तुघलकाने त्याची दुरुस्ती करून पाचवा मजला पुरा केला. आज हा मिनार ७२.५ मीटर उंच आहे. पायथ्याशी त्याचा व्यास चौदा मीटरांहून थोडा अधिक, तर माथ्याशी तीन मीटरांहूनही कमी. आत ३७९ पायऱ्यांचा वळणावळणाचा जिना आहे. चौदाव्या शतकात दिल्लीत राहिलेला प्रवासी इब्न बतूता याने या मिनाराची वाट इतकी रुंद आहे की तीतून हत्ती वर जाऊ शकतो, असे लिहून ठेवले. बांधकामाच्या वेळी दगड घेऊन चढणारा हत्ती पाहिल्याचे त्याला एका विश्वासू माणसाने सांगितले होते. प्रत्यक्षात तो जिना माणसांनाही जपूनच चढावा लागेल असा अरुंद आहे. उंच वास्तू पाहणाऱ्याची कल्पनाशक्ती तिच्या आतल्या वाटेलाही आपोआप रुंद करून टाकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

शतकानुशतके लोक या मिनारावर चढत आले. १८०३ च्या भूकंपात त्याची माथ्यावरची छत्री कोसळली. मेजर रॉबर्ट स्मिथ याने १८२८ साली दुरुस्ती करताना बंगाली घाटाची नवी छत्री वर बसवली. ती इतकी विजोड दिसे की १८४८ मध्ये लॉर्ड हार्डिंगच्या आज्ञेने ती उतरवून खालच्या हिरवळीवर ठेवण्यात आली, आणि ती आजही तेथेच आहे. माथ्यावर काय शोभेल, याची चर्चा अशी वीस वर्षे चालली. जिन्यात किती माणसे मावतील, याची मोजदाद मात्र त्या चर्चेत कोठे आढळत नाही. विसाव्या शतकात आत्महत्यांच्या घटना घडू लागल्यावर दिल्लीनेही लंडनसारखाच विचार केला. वरचे मजले बंद झाले आणि केवळ पहिल्या सज्जापर्यंत जाण्याची मुभा उरली. पहिला सज्जा म्हणजे जमिनीपासून सुमारे २९ मीटर. उंची कमी केली म्हणजे धोका कमी झाला, असे कोणालाही वाटले असते.

४ डिसेंबर १९८१ हा शुक्रवार होता. मिनारात तीनचारशे माणसे होती आणि त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा होता. जिन्यातील दिवे एकाएकी गेले. अंधारात घबराट उडाली, सारे दाराच्या दिशेने लोटले, आणि त्या चेंगराचेंगरीत ४५ जणांचा प्राण गेला. मृतांत बहुसंख्य मुलेच होती. त्या दिवसापासून कुतुबमिनाराचे दार सर्वसामान्य लोकांना बंद झाले, ते पुन्हा उघडले नाही.

या दुर्घटनेत उंचीचा वाटा काहीच नव्हता, हे नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. कोणी कठड्यावरून पडले नाही, एकही दगड ढळला नाही. आठ शतके जुना मिनार जसाच्या तसा उभा होता. घात झाला तो जिन्यात. गोल जिन्याची रचनाच अशी असते की पायरी बाहेरच्या बाजूला रुंद आणि आतल्या बाजूला निमुळती होते. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले की एकाला त्या निमुळत्या बाजूवर पाय ठेवावा लागतो. वळणामुळे चार पायऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही. खाली कोणी अडखळून पडला, तर वरच्यांना त्याची वार्ता पोचण्याआधीच त्यांचे ओझे त्याच्यावर येऊन पडते. आणि मागच्यांना वाटते की पुढचे विनाकारण थांबले आहेत, म्हणून ते आणखी रेटतात. उजेड असेपर्यंत ही व्यवस्था कशीबशी चालते. दिवे गेले, की तोच जिना मृत्यूचा सापळा बनतो. उंचीची भीती सर्वांना वाटते, म्हणून कठडे बांधले जातात. जिन्याची भीती कोणाला वाटत नाही, म्हणून त्यात किती माणसे सोडली याचा हिशेब राहत नाही.

दिल्लीने या प्रसंगानंतर दिलेले उत्तर म्हणजे कुलूप. ते उत्तर चुकीचे होते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्याच दशकाच्या अखेरीस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात, याच प्रश्नाचा विचार अगदी वेगळ्या अंगाने सुरू झाला.

सिडनीच्या बंदरावरील पोलादी कमानीचा पूल १९२३ साली बांधावयास घेतला गेला. दोन्ही तीरांवरून पुढे सरकत आलेल्या कमानीचे बाहू १९३० च्या ऑगस्टमध्ये जुळले, आणि १९ मार्च १९३२ रोजी पूल खुला झाला. कमानीचा विस्तार ५०३ मीटर, माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर, आणि जोडकामात सुमारे साठ लाख रिव्हेटा. या बांधकामात सोळा कामगारांचे बळी गेले. पूल उभा राहिल्यावरही कमानीवरचे अरुंद मार्ग आणि शिड्या यांवरून रंगारी व दुरुस्तीचे कामगार नित्य ये-जा करीत. सर्वसामान्य माणसांसाठी मात्र एका बाजूच्या दगडी मनोऱ्यावरची गच्ची एवढीच सोय होती. कमानीवर चोरून चढणारे साहसी तरुण होते, पण तो गुन्हा होता.

१९८९ मध्ये पॉल केव्ह नावाच्या उद्योजकाने परदेशी पाहुण्यांच्या एका मेळाव्यासाठी या कमानीवर चढाई घडवून आणली. त्या अनुभवातून, हे दृश्य सर्वांना पाहता यावे, ही कल्पना त्याच्या मनात रुजली. सरकारी यंत्रणेने त्याच्यासमोर हरकतींची एक यादी ठेवली. तीत बासष्ट कारणे होती आणि त्यांतील प्रत्येक कारण ही चढाई अशक्य ठरवणारे होते. केव्हने त्या यादीलाच कामाचा आराखडा मानले. एकेक हरकत घेऊन तिचे उत्तर शोधावयाचे, असा क्रम त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी धरला. या खटाटोपात नऊ वर्षे गेली, आणि १ ऑक्टोबर १९९८ रोजी मार्गदर्शकासह कमानीवरील चढाई अधिकृतपणे सुरू झाली.

त्या योजनेचे तपशील पाहिले म्हणजे विचार किती बारकाईने झाला होता ते कळते. कमानीखालून रस्ता आणि रेल्वे जाते. वरून एखादे नाणे निसटले तरी ते धावत्या मोटारीवर आदळेल. म्हणून चढणाऱ्याने घड्याळ, कॅमेरा, खिशातील सर्व वस्तू खालीच ठेवावयाच्या. चष्मा दोरीने बांधावयाचा. हातरुमालसुद्धा मनगटाला अडकवलेला असावयाचा. मद्यपान केलेले नाही, याची खातरी श्वासाच्या चाचणीने होते. प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा पुलाच्या अंगाने जाणाऱ्या पोलादी तारेला आरंभापासून अखेरपर्यंत जोडलेला असतो. वर पाऊल ठेवण्याआधी खालीच शिडी चढण्याउतरण्याचा सराव होतो. माणसे लहान तुकडीने जातात, तुकडीमागे एक मार्गदर्शक असतो, आणि त्याचा आवाज प्रत्येकाच्या कानाशी पोचेल अशी योजना असते. विजांचे वादळ आले तर चढाई थांबते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाट. तुकडी पूर्वेकडील कमानीने चढते, माथ्यावर आडवी पलीकडे जाते आणि पश्चिमेकडील कमानीने उतरते. चढणारे आणि उतरणारे एकमेकांसमोर येतच नाहीत. २०१८ साली या चढाईचे व्यवस्थापन दुसऱ्या कंपनीकडे गेले. परंतु माणसे वर जात राहिली. आजवर लाखो लोक त्या माथ्यावर जाऊन आले आहेत.

सिडनीच्या अनुभवानंतर अशा योजनांची परंपराच निर्माण झाली. लंडनमध्ये सन २००० च्या आगमनासाठी उभारलेल्या प्रचंड मंडपावर २०१२ साली अशीच चढाई सुरू झाली. त्या मंडपाचे छत कापडी आहे. त्यावरून शेकडो माणसे चालवणे छताला झेपणारे नव्हते. म्हणून छतापासून थोड्या अंतरावर ३८० मीटर लांबीची एक अधांतरी वाट स्वतंत्रपणे ताणून बसवली गेली. माणूस छतावरून चालल्याचा आनंद घेतो, पण त्याचा भार छतावर पडत नाही. ज्या वास्तूवर चढावयाचे, तिचेही रक्षण झाले पाहिजे, ही जाणीव येथे स्पष्ट दिसते.

या उदाहरणांकडे पाहून कुतुबमिनाराचे दार उघडावे, असा निष्कर्ष घाईने काढणे योग्य ठरणार नाही. पोलादी कमानीला दुसरी वाट होती. मिनाराला एकच जिना आहे, आणि त्यात दुसरा खोदता येत नाही. कमरेचा पट्टा उघड्या कमानीवर जीव वाचवतो. बंद जिन्यातल्या गर्दीत त्याचा उपयोग शून्य. अशा वास्तूत योजना करावयाची झाली तर ती निराळीच असेल. एका तुकडीतील शेवटचा माणूस दाराबाहेर पडल्याखेरीज दुसऱ्या तुकडीतील पहिल्याने पायरीवर पाऊल ठेवू नये. आत किती माणसे आहेत हे दाराशी उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक क्षणी ठाऊक असावे. विजेवर अवलंबून नसलेला उजेड जिन्यात असावा. तुकडीच्या पुढे एक आणि मागे एक जाणता माणूस असावा. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही आणि नवे यंत्रही नको. मात्र यांतील प्रत्येक गोष्ट रोज, न चुकता, गर्दीच्या दिवशी तर अधिकच कसोशीने पाळावी लागेल. जेथे हे पाळण्याची हमी देता येत नाही, तेथे कुलूप हेच प्रामाणिक उत्तर होय. दार उघडे ठेवून मोजणी सोडून देणे हे मात्र कोणत्याही परिस्थितीत उत्तर होऊ शकत नाही.

सिडनीची नऊ वर्षे शिखर गाठण्यात खर्च झाली नाहीत. शिखरावर जाण्याची वाट रंगाऱ्यांनी कित्येक दशके आधीच तुडवली होती. ती वर्षे गेली ती वर गेलेला प्रत्येक माणूस कोणत्या वाटेने, कोणाच्या सोबतीने आणि किती वेळाने खाली येईल, याची उत्तरे शोधण्यात. दिल्लीच्या मिनारात त्या शुक्रवारी वर जाण्याची सोय होती. खाली येण्याची सोय म्हणजे विजेचे काही दिवे आणि प्रत्येकाचे नशीब.

आज कुतुबमिनाराच्या प्रांगणात रोज हजारो लोक येतात. मान उंचावून ते त्या लाल दगडांच्या पन्हळींकडे आणि त्यांवर कोरलेल्या अक्षरांकडे पाहतात, स्मिथची छत्री हिरवळीवर पाहून तिची कथा ऐकतात, आणि पायथ्याशी असलेल्या बंद दारापाशी क्षणभर थांबतात. मुले हमखास विचारतात, वर का जाता येत नाही? या प्रश्नाला मिनार उंच आहे म्हणून, असे उत्तर दिले जाते. ते खरे उत्तर नव्हे. जिना अरुंद होता, माणसे मोजलेली नव्हती आणि उजेड गेला, असे त्यांना सांगितले पाहिजे. कारण पुढेमागे अशा एखाद्या दाराशी उभे राहून माणसे मोजण्याचे काम त्यांच्यापैकीच कोणाकडे येणार आहे.