बारा व्होल्टचं गाणं

मार्चमधल्या एका रविवारी मामाचा फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? बोटीतला टेप बंद पडलाय. बघतोस का जरा?"

सॉफ्टवेअर इंजिनिअरला नातेवाइकांचे असे फोन नवे नसतात. प्रिंटर, टीव्ही, वायफाय, एकदा तर मिक्सरसुद्धा. बोट मात्र पहिल्यांदाच आली होती.

मामाचं गाव पवना धरणाच्या काठावर आहे. एका अंगाला तिकोना, दुसऱ्या अंगाला तुंग, वर लोहगड. अठरा फुटी फायबरची बोट मामाने सेकंडहँड घेतलेली. डॅशबोर्डमध्ये कॅसेटचा डेक आणि मागच्या बाजूला काठाकडे तोंड केलेले दोन मोठे स्पीकर. त्यातल्या एकाचा कागद फाटून लोंबत होता. शनिवार-रविवारी येणारी पोरं बोटीत पाय ठेवायच्या आधी विचारायची, "दादा, ब्लूटूथ आहे ना?" मामाला नाही म्हणायची लाज वाटायची.

एका शनिवारचं काम, असं मला वाटलं होतं. पाच शनिवार गेले. जुना सेट उकलताना एकेका भागाचा इतिहास शोधत बसायची मला खोड आहे, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आजी. तिच्याकडे शेवटी येतो.

डॅशबोर्डमधलं भोक

डेक ओढून काढल्यावर मागे एक चौकोनी भोक उरलं. मोजलं तर १८२ मिलीमीटर रुंद, ५३ मिलीमीटर उंच. नवा सेट त्यात अलगद बसला. बोट कुठली, जुना डेक कुठला, नवा सेट कुठला, कशाचा कशाशी संबंध नाही, तरी माप तंतोतंत. हे जर्मन प्रमाण. तिथल्या मानक संस्थेच्या नावावरून त्याला 'डिन' म्हणतात, आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय झालं. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर आतलं सगळं बदला, इंटरफेस तेवढा तोच ठेवा.

हे माप मुळात मोटारीसाठी ठरलेलं. बोटीतला स्टिरिओ म्हणजे पाण्यावर आलेला मोटारीचाच स्टिरिओ, कारण दोघींच्या पोटात बारा व्होल्टची बॅटरी असते. म्हणून बोटीतल्या गाण्याचा इतिहास रस्त्यावर सुरू होतो.

१९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' असं नाव दिलं. आपण ज्या नावाचा फोन खिशात घालतो, ते नाव आधी गाडीतल्या रेडिओचं होतं. अडचण विजेची होती. तेव्हाच्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, आणि रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हना लागायचे शंभराहून जास्त व्होल्ट. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या ठेवायला लागत. मग 'व्हायब्रेटर' आला. एक पातळ पत्ती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून वीज जोडायची-तोडायची आणि ट्रान्सफॉर्मर ती वाढवायचा. पत्तीची गुणगुण गाण्याच्या मागे चालूच असे.

ही गुणगुण ट्रान्झिस्टरने थांबवली. १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये तो तयार झाला. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचे रेडिओ विकायला आले आणि त्याच सुमाराला अमेरिकेतल्या गाड्या सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. ट्रान्झिस्टरला तेवढ्याच व्होल्टवर चालता येत होतं. मामाच्या बोटीपर्यंत आलेली वाट तिथून सुरू होते.

वीज मुंबईला, रेडिओ गावाला

आमच्या भागात ही गोष्ट जरा उलटी घडली. लोणावळ्याची तळी आपण सहलीला जाऊन बघतो, पण त्यातली बरीचशी विजेसाठी बांधलेली आहेत. ८ फेब्रुवारी १९११ रोजी वळवणला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांनी टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसवली. १९१५ मध्ये घाटमाथ्यावरचं पाणी पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरलं आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे मुळशीच्या धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला, आणि त्यात उतरलेल्या पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले.

पाणी मावळ-मुळशीचं, वीज मुंबईची. काठच्या गावांमध्ये दिवा लागायला पुढे कित्येक दशकं जायची होती. त्यामुळे मुंबईत १९२७ मध्ये नभोवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा तिथला रेडिओ घरातल्या विजेवर चालू शकत होता, पण खेड्यात तो यायचा तर बॅटरीवरच यायला हवा होता. आजही भर तळ्यात गाणं वाजतं ते त्याच युक्तीवर. तार जिथे पोचत नाही तिथे वीज सोबत न्यायची.

त्या काळातला एक प्रयोग मला फार आवडतो. १९५६ मध्ये आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांमधली सुमारे दीडशे खेडी निवडली. पुणे जिल्हा त्यात होता. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमायची, शेतीवरचा कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची. त्यांचे प्रश्न आणि मतं केंद्राकडे परत जायची, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची दखल घेतली जायची. आवाज सोडणाऱ्याने ऐकणाऱ्याला विचारायचं, "तिकडे कसं पोचतंय?" आपण आज ज्याला फीडबॅक म्हणतो तेच हे.

आजीचं गाव त्या दीडशेमध्ये होतं की नाही, हे तिला आठवत नाही. तिला आठवतो तो आजोबांनी पुढे घेतलेला ट्रान्झिस्टर. त्याचा परवाना पोस्टातून काढायला लागायचा आणि दरवर्षी पैसे भरायला लागायचे. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. तो ट्रान्झिस्टर ज्या घरात वाजायचा, ते घर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण भरलं तेव्हा पाण्याखाली गेलं.

अडकलेली कॅसेट

जुन्या डेकमध्ये एक कॅसेट अडकलेली होती. स्क्रू काढून, चिमट्याने ओढून ती बाहेर काढली तर निघाली कोळीगीतांची. बोट मूळची कोकणपट्टीकडची असणार, हे तेव्हा कळलं. घाटमाथ्यावरच्या तळ्यात ती बोट समुद्राची गाणी पोटात घेऊन कित्येक वर्षं फिरत होती.

हलत्या वाहनात आपल्या आवडीचं गाणं लावता यावं म्हणून आधी काय काय करून झालं होतं! क्रायस्लर कंपनीने १९५६ च्या गाड्यांमध्ये चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला होता. खड्ड्यांपुढे सुईचा टिकाव लागला नाही. बोटीत तर प्रत्येक लाट म्हणजे खड्डाच. १९६३ मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली आणि हा प्रश्न सुटला. फीत हेडला चिकटून सरकते, तिला उडी मारता येत नाही.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. तोवर गाणं कुठलं वाजणार हे आकाशवाणी आणि एकदोन मोठ्या कंपन्या ठरवत. आता गल्लीतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून भक्तिगीतं, लोकगीतं, भीमगीतं, कोळीगीतं बाजारात येऊ लागली. टेम्पोत, जीपमध्ये, रसवंतीगृहात, बोटीत टेप लागले. त्याच काळात डब्यांवर 'हजार वॅट पी.एम.पी.ओ.' असे आकडे झळकू लागले. त्या आकड्याला मोजमापाचं कुठलंही ठरलेलं प्रमाण नव्हतं. शेजाऱ्यापेक्षा आपला मोठा, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटतं, गाणं चांगलं असण्याऐवजी मोठं असावं ही सवय आपल्याला तिथे लागली.

पाणी आणि वॅट

जुन्या वायरचं आवरण सोललं तर आत तांबं काळं पडलेलं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. बोट ताडपत्रीखाली झाकली तरी ओल वायरच्या आत शिरतेच. म्हणून बोटीसाठी कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर वापरतात. स्पीकरचा कागदी कोन भिजून कुजतो, म्हणून बोटीच्या स्पीकरला प्लॅस्टिकचा कोन आणि रबराची कड असते. सेटवर 'आयपीएक्स ७' लिहिलेलं असेल तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाऊ नये, असा अर्थ. जोड पिळून त्यावर टेप गुंडाळायचा नाही. थिंबल दाबून बसवायचं, त्यावर गरम करून आवळणारी नळी चढवायची. आणि फ्यूज सेटजवळ नाही, बॅटरीजवळ हवा. मध्ये कुठे वायर घासली तर आग तिथूनच लागते.

मग वॅटवरून मामाशी वाद झाला. "चारशे वॅट पाहिजे. पलीकडच्या बोटीत हाय."

मी वहीत गणित मांडलं. सेटवर '५० वॅट × ४' लिहिलेलं असतं. इंजिन चालू असताना बॅटरी साधारण १४.४ व्होल्टवर असते, स्पीकर चार ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम केलं की बावन्नच्या आसपास उत्तर येतं. ते पन्नास वॅट इथून आले. पण एवढी शक्ती मिळते ती आवाज पार फाटल्यावर. स्वच्छ आवाजात प्रत्येक स्पीकरला वीसेक वॅट मिळतात. खरे चारशे वॅट हवे असतील तर वेगळा अँप्लिफायर लागेल आणि तो पूर्ण आवाजात बॅटरीतून चाळीसहून जास्त अँपिअर ओढेल.

"मामा, इंजिन बंद करून पोरं गाणी ऐकत बसतात ना? शंभर अँपिअर-अवरची बॅटरी अशी दोन तासांत संपेल. मग मधोमध इंजिनला स्टार्टर कुठून मारणार तुम्ही?"

मामा गप्प झाला. मी आणखी एक गोष्ट सांगितली. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॅट दुप्पट करून भागत नाही, सुमारे दहापट लागतात. त्यापेक्षा स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळ आणणं स्वस्त पडतं. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलनी वाढतो, आणि तेवढ्यासाठी एरवी चौपट वॅट लागले असते.

आजीचा ओटा

हे सगळं चालू असताना आजी एकदाच बोलली. "दिवसा वाजवा काय वाजवायचं ते. पण सांज झाली की पाण्यावरनं आवाज असा येतो, जसं काय माझ्या उशाशीच वाजतंय."

मी आधी हसलो. मग वाचलं तेव्हा कळलं की आजी बरोबर सांगत होती. दिवसा जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असते, त्यामुळे आवाज वाकून वर निघून जातो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड होते, वरची उबदार राहते, मग आवाज खाली वाकतो आणि सपाट पाण्यावरून दूरवर जातो. आणि पवनेचं खोरं तर चहूबाजूंनी डोंगरांनी बांधलेलं.

कायदा आहे. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यावर सविस्तर निकालही दिला. पण शनिवारी रात्री काठाकाठाने तंबूंमधले स्पीकर सुरू होतात तेव्हा मीटर घेऊन कोण येणार?

आणि ज्याला जाऊन सांगायचं, तो आपलाच असतो. मामाच्या घराचा खर्च या पर्यटकांवर चालतो. जमीन धरणात गेली, पर्यायी जमिनीचा प्रश्न पवनेच्या कितीतरी कुटुंबांसाठी अजून सुटलेला नाही. गाणं बंद करा म्हणणं मला सोपं आहे, मला हिंजवडीतून महिन्याला पगार येतो.

म्हणून मागचे दोन मोठे स्पीकर काढले. त्यांच्या जागी चार लहान बसवले, प्रत्येक बाकाजवळ एक, तोंडं आतल्या बाजूला. अँप्लिफायर घेतलाच नाही. स्टिरिओला वेगळी छोटी बॅटरी दिली.

पाचव्या शनिवारी दिवस मावळताना मामा बोट घेऊन तळ्याच्या मध्यावर गेला. मी आजीशेजारी ओट्यावर बसलो, फोन कानाला.

"लावलं बघ," मामा म्हणाला. "इथं झकास ऐकू येतंय. बोलायला वरडावं पण लागत नाही. तिकडं?"

मला इंजिन बंद पडल्यानंतरची शांतता ऐकू येत होती, आणि लक्ष देऊन ऐकलं तर काहीतरी अगदी पुसट. मी आजीकडे बघितलं. १९३० पासून बोटीत आणि गाडीत बसलेल्या माणसाला आवाज कसा लागतो, यावर कितीतरी कंपन्यांनी डोकं लावलं. काठावरच्या माणसाला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दीडशे गावांतल्या त्या रेडिओने निदान विचारलं तरी होतं.

"आजी, येतंय का?"

तिने पदर कानामागे सारला, पाण्याकडे तोंड करून बराच वेळ ऐकलं.

"गाणं न्हाई येत," ती म्हणाली. "त्याला सांग, एवढंच ऱ्हाऊ दे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आन् ती कॅसेट निघाली ना कोळ्यांची, तसली गाणी हायेत का तुझ्या फोनवर? उद्या सकाळी मला बसव बोटीत. आपलं घर होतं तिथवर जाऊन येऊ."