एका सफरीपुरती आया

मूल काही काळापुरते कोणाच्या हाती सोपवावे, त्या व्यक्तीचा भरवसा कसा धरावा आणि तिला मोबदला काय द्यावा, हे प्रश्न आजच्या शहरी कुटुंबांचे आहेत असे आपण समजतो. त्यांच्या इतिहासाचे एक प्रकरण मात्र आगबोटीवर घडले. ‘आया’ हा मराठीत रुळलेला शब्द मूळचा पोर्तुगीज. त्या नावाने समुद्र ओलांडणाऱ्या स्त्रियांकडे आम्हां साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेचा प्रवास काही आठवड्यांवर आला. मुलांना घेऊन मायदेशी निघालेल्या मडमेला बोटीवर मदतीची गरज भासे. कधी घरातलीच जुनी आया सोबत जाई. कधी केवळ त्या सफरीपुरती नवी नेमली जाई. तिची पारख होई ती आधीच्या मालकिणींनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांवरून. इंग्रजीतला ‘चिट’ हा शब्द याच चिठ्ठीपासून झाला. पुष्कळ आयांना आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे वाचताही येत नसे. मालकीण भरवशाची आहे की नाही, हे सांगणारी चिठ्ठी मात्र आयेच्या हाती कोणी देत नसे.

व्यवहाराची खरी कसोटी बोट किनाऱ्याला लागल्यावर होई. मुले सुखरूप पोहोचली की गरज संपे. परतीचे भाडे देण्याचे वचन पुष्कळदा तोंडीच असे आणि ते पाळले गेले नाही, तर परक्या शहरात दाद कोणाकडे मागावी, हे तिला ठाऊक नसे. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ हे वसतिगृह चालत असे. १९०० मध्ये ते ‘लंडन सिटी मिशन’च्या व्यवस्थापनाखाली हॅकनी भागात, किंग एडवर्ड्स रोडवर आले. तेथील व्यवस्था विचार करण्याजोगी आहे. आयेचे परतीचे तिकीट गृहव्यवस्थापिकेकडे जमा होई. हिंदुस्थानकडे निघालेल्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली, की ते तिकीट त्या कुटुंबाला विकले जाई आणि त्या पैशातून तिच्या राहण्याजेवणाचा खर्च भागे. म्हणजे मूल सांभाळीत आलेली स्त्री दुसऱ्याचे मूल सांभाळीतच घरी परते. आसऱ्यासोबत धर्मोपदेशही होता, हे नोंदवले पाहिजे. पण तिच्या वेळेला आणि श्रमाला किंमत आहे, हे मान्य करणारी एक यंत्रणा तेथे उभी राहिली होती, हेही खरे.

बोटींच्या प्रवासी याद्यांत अनेकींची नावे नाहीत. ‘अमुक बाईंची आया’ एवढीच नोंद सापडते. साहित्यही याहून उदार नाही. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या १९११ मधील ‘द सीक्रेट गार्डन’ या कादंबरीत नायिकेला वाढवणारी आया आरंभीच पटकीने मरते, आणि तिचे नाव वाचकाला केवळ ओझरते कळते.

२०२२ मध्ये हॅकनीतील त्या वास्तूवर निळा स्मृतिफलक लागला. वास्तूला ओळख मिळाली. त्यातल्या बहुतेक रहिवासिनींना ती मिळणे आता कठीणच. घटकाभर मूल सांभाळणारीची चौकशी आजही आपण कसोशीने करतो. आपण स्वतः तिच्या भरवशाला किती पात्र आहोत, ही उलट चौकशी या इतिहासात राहून गेली. ती आता तरी करावी, असे आम्हांस वाटते.