छप्पर कोणाचे? मुंबईच्या कौलांविषयी काही

चाळीवर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. गॅलरी, सार्वजनिक नळ, जिन्याखालची अंधारी जागा, गणेशोत्सवाचा मांडव, या सर्वांना कथा-कादंबरीत हक्काची जागा मिळाली. छपराला ती मिळाली नाही. दोष केवळ लेखकांचा नसावा. छपराची आठवण पावसाळ्याखेरीज कोणाला होत नाही, आणि झालीच तर ती वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला होते. तरीही गिरगाव ते परळ या पट्ट्याचा दोनशे वर्षांचा इतिहास वरून पाहता येतो, असे माझे मत आहे.

गिरगाव, दादर, माहीम हा सारा माडांच्या वाड्यांचा मुलूख. झावळी फुकट, म्हणून गरिबाचे घर झावळ्यांनी शाकारलेले आणि ऐपतदाराचे कौलारू. झावळीला आगीचे भय होते. १८०३ साली कोटातल्या आगीने शहराचा मोठा भाग भस्मसात केला, ते भय पुढे बराच काळ टिकले. कौल म्हणजे तेव्हा कुंभाराचे नळीचे कौल. चाकावर निमुळती नळी काढायची, ओली असतानाच तिचे उभे दोन भाग करायचे आणि भाजायचे. वाशांवर एक उताणे, त्यावर एक पालथे, अशी ही कौले नुसती ठेवलेली असत. त्यांना पकड नसे. मांजर धावले, कावळ्याने चोच घातली की कौल सरके आणि गळती सुरू होई. म्हणून दर वैशाखात शाकारणी. सारी कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, रिपा तपासायच्या, पुन्हा रचायची.

या शाकारणीची एक बाजू सहसा ध्यानात येत नाही. शाकारणारा गडी ठरलेला असे, आणि काम वाईट झाले तर पुढल्या वर्षी त्याच वाडीत त्याला तोंड दाखवायचे असे. मृगाचा पहिला पाऊस हाच त्याचा परीक्षक. भरवशाचा माणूस कसा शोधावा हा प्रश्न त्या काळी फारसा पडलाच नसावा. वार्षिक गरजेनेच तो भरवसा निर्माण केला होता.

हे नाते मोडले ते मंगलोरी कौलाने. फ्रान्समधील अल्सास प्रांतात गिलार्दोनी बंधूंनी १८४१ च्या सुमारास खाचांचे, एकमेकांत अडकणारे चपटे कौल काढले. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये त्या धर्तीचा कारखाना मंगळूरला, नेत्रावतीच्या काठी, उभारला. तिथली चिकणमाती या कामाला उत्तम होती. तीनच वर्षांत अल्बुकर्क कुटुंबाचा कारखाना निघाला. माल समुद्रमार्गे मुंबईस येई. पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदराच्या नावात तो व्यापार आजही शिल्लक आहे.

शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे मंगलोरी कौले पुरतात. नळीची याच्या कितीतरी पट लागत. छप्पर हलके झाले, म्हणून वासे कमी लागले. कौल सरकेना, म्हणून दरवर्षी चाळावे लागेना. कौशल्य गड्याच्या हातातून कारखान्याच्या साच्यात गेले. फायदा उघड होता, आणि खोताच्या वाडीपासून लालबागच्या चाळींपर्यंत तांबडी पाखी पसरली. परंतु दर वैशाखात येणारा माणूसही त्याबरोबर गेला. याची किंमत दोन पिढ्यांनंतर मोजावी लागली.

मधल्या काळात छपरावर सरकारचा हात पडला. १८९६ मध्ये प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत रोग राहतो या समजुतीने बाधित घरांची कौले काढून ऊन आत सोडण्यात येई. पिसवा आणि उंदीर यांचा संबंध तेव्हा सर्वमान्य झाला नव्हता. ज्या खोलीत कधी ऊन आले नाही तिथे ते आले ते छप्पर उचकटून. त्या घरातल्या माणसाला तो उजेड कसा वाटला असेल, हे मराठी साहित्याने विचारायला हवे होते. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्यातूनच पुढे उभ्या राहिल्या. १९२० च्या दशकात नायगाव, वरळी, डिलाईल रोड येथील बीडीडी चाळी सिमेंट काँक्रीटच्या, सपाट गच्चीच्या झाल्या. गच्ची आली आणि पागोळ्या संपल्या.

जुन्या कौलारू चाळींचे काय झाले? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूचे छप्पर वाचले, पण छपराची दुरुस्ती कोणाची हा प्रश्न उघडा पडला. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात रीपही येत नाही. खालच्या मजल्यावरचे म्हणत, आमच्याकडे गळत नाही. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आले, उपकर आला, काही इमारती सावरल्या. बाकीच्यांवर पत्रे, सिमेंटचे पत्रे, शेवटी निळी ताडपत्री चढली. सिमेंटच्या पत्र्यातला अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसाला घातक म्हणून अनेक देशांनी बंद केला. आमच्याकडे तो स्वस्त म्हणून राहिला.

माझ्या मावशीच्या गिरगावातील खोलीवर आम्ही एका ठेकेदाराकडून कौले बदलून घेतली. कौले नवी होती, बाजारात चौकशी करून घेतलेली. पण त्याने जुन्या वाळवी लागलेल्या रिपा तशाच ठेवल्या आणि आढ्याचे कोने नुसत्या सिमेंटने चिकटवले. जुलैत सिमेंटला भेग पडली आणि पाणी थेट देवघरावर आले. ठेकेदार दूरध्वनी उचलेना. आमची चूक अशी की आम्ही कौल निवडताना महिना घालवला आणि माणूस निवडताना एक दुपार.

शेवटी परळच्या एका म्हाताऱ्या सुताराने ते काम निस्तरले. तो कौल बोटाने वाजवून बघे. खणखणीत आवाज आला तर ठेवी, बद्द वाजले तर बाजूला. पाडलेल्या चाळींतून जुन्या मालाच्या बाजारात आलेली कौले त्याला नव्यांपेक्षा पसंत होती, कारण मंगळूरचे अनेक कारखाने आता बंद पडले आहेत आणि जुन्या भाजणीची सर नव्याला नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने आधी रिपा बदलल्या, मग कौलांना हात लावला. पैसे निम्मेच घेतले. उरलेले पहिल्या मोठ्या पावसानंतर द्या, मी येईन बघायला, असे सांगून गेला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो खरोखरच आला, छत्री मिटून दारात उभा राहिला आणि मावशीला म्हणाला, "बाई, चहा नंतर. आधी वर बघू द्या."