पुत्निक यांच्या दोन माघारी

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की आपण फ्रान्सच्या खंदकांपाशी थांबतो. पण ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं ते सर्बियाविरुद्ध, २८ जुलै १९१४ ला. आज आपण त्या सर्बियाचे सेनाप्रमुख राडोमिर पुत्निक यांच्याबद्दल बोलू.

आता गंमत बघा. युद्ध तोंडावर आलेलं आणि हे ६७ वर्षांचे, दम्याने बेजार झालेले गृहस्थ शत्रूच्याच मुलखात, ऑस्ट्रियात, हवापालटासाठी गेलेले! परतताना बुडापेस्टजवळ त्यांना अटक झाली. सम्राट फ्रान्झ जोसेफने मात्र त्यांना सोडून दिलं. त्यानंतर गरम केलेल्या खोलीत बसून, नकाशांवरून, पुत्निक यांनी युद्ध चालवलं. ऑगस्टमध्ये त्सेरच्या डोंगरावर ऑस्ट्रियाचा पराभव झाला. दोस्त राष्ट्रांचा या युद्धातला हा पहिला विजय.

नोव्हेंबरात पारडं फिरलं. तोफगोळे संपत आले, सैनिक थकले. पहिल्या सैन्याचे सेनापती झिवोयिन मिशिच म्हणाले, आणखी मागे सरू, माणसांना विसावा देऊ. पुत्निक यांचा आधी विरोध होता, कारण त्यात राजधानी बेलग्रेड सोडावी लागणार होती. शेवटी त्यांनी हाताखालच्या माणसाचं ऐकलं. २ डिसेंबरला ऑस्ट्रियन फौजा बेलग्रेडमध्ये शिरल्या. ३ तारखेला, फ्रान्सकडून गोळे पोचल्यावर, सर्बियाने उलट हल्ला केला. १५ डिसेंबरला राजधानी परत मिळाली.

हीच गोष्ट १९१५ मध्ये उलटी घडली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया उत्तरेकडून, बल्गेरिया पूर्वेकडून चालून आले. बल्गेरियावर आधीच वार करावा, असं पुत्निक म्हणत होते. दोस्तांनी ते होऊ दिलं नाही. आता मिशिच म्हणत होते, उलटून लढू. पुत्निक यांनी २५ नोव्हेंबरला हुकूम दिला तो मात्र माघारीचा, अल्बेनियाच्या बर्फातल्या डोंगरांतून. आजारी सेनापतीला सैनिकांनी बंद खुर्चीत बसवून खांद्यावरून नेलं. वाटेत थंडीने, उपासमारीने, रोगाने हजारो माणसं मेली. तरी लाखाहून अधिक सैनिक समुद्रापर्यंत पोचले, आणि त्यातून उभं राहिलेलं सैन्य १९१८ मध्ये मायदेशी परतलं.

मग माघार म्हणजे हारच का? आम्हाला वाटतं, पुत्निक यांना देशाच्या जमिनीपेक्षा सैन्य टिकणं मोलाचं वाटलं. जमीन परत घेता येते, सैन्य गेलं तर घेणार कोण? पण किंमत मोजली वाटेत मेलेल्या माणसांनी, हेही विसरून चालणार नाही.

पुत्निक यांना १९१६ च्या सुरुवातीला पदावरून दूर केलं गेलं. १७ मे १९१७ ला फ्रान्समधल्या नीस शहरात ते वारले. मुक्त बेलग्रेड त्यांना पाहायला मिळालं नाही. १९२६ मध्ये त्यांच्या अस्थी तिथे आणल्या.